तिसऱ्या खेपेची कॉफी

मित्रांनो, माझी तोटी गळते, हे आधीच सांगून टाकतो. खाली बशी ठेवल्याशिवाय मला कुणी टेबलावर घेत नाही. मी विजेवर चालणारा कॉफीचा बंब आहे. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहान गावात, चर्चच्या तळघरातल्या कपाटात माझा मुक्काम असतो. दमलोय आता. पण मार्लिसबाईंबद्दल सांगायचं राहून गेलं तर मला चैन पडायचं नाही.

मार्लिस ऑस्टबी गावातल्या खिडक्यांच्या कारखान्यात एचआरच्या प्रमुख झाल्या आणि त्याच आठवड्यात मला घेऊन आल्या. तेव्हा मी असा चकचकीत होतो, की लोक माझ्यात बघून टोप्या सारख्या करत. एचआरचं बोलावणं आलं की कामगार त्या दाराकडे फिरकायचं टाळायचे. बोलावलं म्हणजे नोकरी गेली, असाच समज! बाईंनी मला आपल्या दाराबाहेर मांडलं. म्हणाल्या, "माझ्याकडे नाही आले, तर कॉफीकडे तरी येतील." आणि खरंच आले.

इथल्या माणसांची एक खोड सांगतो. यांना काहीही देऊ करा, आधी नको म्हणणार. पुन्हा विचारा, तर "कशाला उगाच त्रास!" तिसऱ्यांदा विचारलं की मग, "बरं, अर्धा कप. उरली असेल तर." अहो, माझ्या पोटात गळ्यापर्यंत कॉफी उकळतेय आणि म्हणे उरली असेल तर! चिडायचो मी. बाई मात्र कधी चिडल्या नाहीत.

टेक्सासहून रूबेन सालासार नावाचा माणूस त्यांच्या हाताखाली आला. कामाला वाघ, बोलायला सरळसोट. त्या सुमारास ट्रक भरणाऱ्या डॅरलच्या बायकोचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं.

"रूबेन, डॅरलला सुट्टीचं विचारलंस?" बाईंनी माझ्यात पाणी ओतता ओतता विचारलं.

"विचारलं. नको म्हणाला."

"कितीदा विचारलंस?"

"म्हणजे काय, एकदा! बाई, आमच्याकडे नको म्हणजे नको असतं."

"इथे पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार रे. दुसरं नको म्हणजे संकोच. मनातलं येतं ते तिसऱ्या खेपेला."

"मग मी दिवसभर तेच विचारत फिरू? काम कधी करायचं?"

"अरे, हेच तर काम!"

तेवढ्यात डॅरल कप घेऊन आलाच. बाईंनी विचारलं, "घरी ठीक ना?" "ठीकच." "सुट्टी हवीय का?" "छे, जमवू." बाईंनी त्याचा कप भरला, बर्फाला चार शिव्या घातल्या, माझ्या गळक्या तोटीची चेष्टा केली. मग हळूच म्हणाल्या, "डॅरल, दवाखान्यात तिच्याजवळ कोण बसणार आहे?" डॅरलने कप माझ्याशेजारी ठेवून दिला. "मार्लिस, मला फार भीती वाटतेय गं," तो म्हणाला. एवढा धिप्पाड माणूस! रूबेनने लगेच सुट्टीचा कागद काढला. सुट्टी त्याच दुपारी मिळाली.

मला शनिवार-रविवारही सुटका नव्हती. शाळेचा बाजार असो, अग्निशमन दलाचा नाश्ता असो, कुणाचं मयत असो, बाई मला गाडीत घालायच्या आणि निघायच्या. नदीला पूर आला तेव्हा सगळा गाव वाळूची पोती भरत होता आणि मी शाळेच्या व्हरांड्यात सकाळपासून उकळत होतो. माझं बूड तिथेच करपलं. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा बाईंनी कुणाच्या हाती चिठ्ठी दिली नाही. प्रत्येकाला स्वतः सांगितलं आणि गाडीपर्यंत सोडायला गेल्या. त्या दिवशी मी भरलेलाच राहिलो. संध्याकाळी बाईंनी मला मोरीत रिकामं केलं आणि तिथेच उभ्या राहून रडल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मोठं कौतुक झालं, भाषणं झाली. कारखान्यात बटण दाबलं की एकेक कप देणारं यंत्र आलं. कप घ्यायचा आणि आपल्या जागेवर जायचं, दोन शब्दांचीही गरज नाही. मी या तळघरात आलो. बाई कारखान्यात होत्या तोवर मला घासणारं कुणी होतं. पुढे माझ्यावर धूळ साचत गेली.

यंदा जानेवारीत बाई गेल्या. त्यांच्या दफनानंतरच्या जेवणासाठी मला काढलं, पुसलं, खाली बशी ठेवली. तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एक म्हातारा म्हणाला, "बाईंनीच मला कामावरून काढलं होतं. तरी आलो, यावंसं वाटलं." हॅमचे पाव संपले, हॉटडिशच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या, थाळ्या खरवडून झाल्या.

कोपऱ्यात बाईंचे नवरे व्हर्नन बसले होते. जन्मभर शाळेची बस चालवलेला अबोल माणूस. जो तो विचारत होता, "कॉफी आणू? घरी सोबत येऊ?" ते म्हणत, "नको, ठीक आहे मी." रूबेन आता बाईंच्या जागेवर आहे. त्यानेही जेवणाआधी विचारलं. "नको." खुर्च्या मिटताना पुन्हा विचारलं. "कशाला त्रास!" बाहेर बर्फ वाढत होतं. एकेक जण कोट चढवून निघाला. रूबेनही जिना चढून गेला. वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मला तोंड नाही, नुसती गळकी तोटी आहे. व्हर्नन कोट घालून बसले होते, पण उठत नव्हते. माझा जीव तुटत होता. गावातल्या प्रत्येकाला तिसऱ्यांदा विचारणारी बाई आज नव्हती, आणि तिच्याच माणसाला विचारायला कुणी उरलं नव्हतं.

वरची गाडी बंद झाली. रूबेन जिना उतरून आला. खांद्यावरचं बर्फही न झटकता त्याने कप माझ्या तोटीखाली धरला. तळाची कॉफी, डांबरासारखी. त्याने ती व्हर्ननपुढे ठेवली आणि एक मिटलेली खुर्ची उघडून शेजारी बसला.

"व्हर्नन, कॉफी घेता?"

व्हर्नननी कपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अर्धा कप. उरली असेल तर." आणि कप हातात धरून, खाली बघत म्हणाले, "रूबेन, घरी जायला पाय निघत नाही रे."

"मग बसू," रूबेन म्हणाला.

दोघं बराच वेळ बसले. मला घासायचं सगळे विसरले. माझी तोटी कुणी बदलेल, अशी आशा मी सोडलीय आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण मित्रांनो, कुणी दोनदा नको म्हणालं तर लगेच कोट चढवू नका. तेवढं एकदा परत येऊन विचारा.