कार्ड जागं होताना

शहाऐंशीच्या दुष्काळात तेरच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेनं तेरणेच्या कोरड्या पात्रात तीन विहिरी पाडल्या होत्या. त्यांच्या मोटारी आपोआप चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड घेऊन मालन कांबळे पुण्याहून आली. ती मूळची त्याच भागातल्या बेंबळी गावची. पुण्यात महालिंगप्पांच्या छोट्या कारखान्यात इंजिनियर होती.

तिनं मोटारींच्या तारा आणलेल्या लोखंडी पेटीत कार्ड जोडून वीज दिली. काहीच झालं नाही.

"मधली हीर आटली, बाई," संस्थेचे चेअरमन पिराजीतात्या म्हणाले. "तिथली मोटार काडून ठिवलीय."

मालनच्या लक्षात आलं. कार्डावरच्या चिपमध्ये महालिंगप्पांनी 'मोटारी तीन' असं कायमचं लिहून पाठवलं होतं. जी मोटार जागेवरच नव्हती, तिच्या उत्तराची वाट बघत कार्ड अडकून बसलं होतं. बदल करायचा तर चिप पुण्याला न्यायची, पुसायची, पुन्हा लिहायची. तोवर आणखी एखादी विहीर आटली तर परत तेच.

तिच्या पिशवीत दुसरी चिप होती, तिनं स्वतः लिहिलेली. त्या चिपला आधीपासून काहीच ठाऊक नव्हतं. वीज आली की ती आधी जवळ मेमरी किती आहे ते चाचपायची, मग एकेका मोटारीला हाक मारायची आणि जे सापडेल त्यावर काम सुरू करायची. महालिंगप्पांना ही पद्धत पसंत नव्हती. मालननं पोस्टात जाऊन त्यांना ट्रंक कॉल लावला.

"उत्तर आलं नाही, तर मोटार काढलीय की तार तुटलीय, हे चिपला कसं कळणार?" त्यांनी विचारलं.

"नाही कळणार, सर. म्हणून कार्डावरचे बारके स्विच वापरलेत. काय असायला हवं ते माणूस स्विचनं सांगेल, काय आहे ते चिप बघेल. जुळलं नाही तर लाल दिवा. तेवढी मोटार सोडून बाकीचं चालेल."

"घाल तुझी चिप," खरखरीतून त्यांचा आवाज आला.

मालननं चिप बदलली, 'इथं मोटार नाही' हे सांगायला मधला स्विच खाली केला आणि वीज दिली.

एक दिवा लागला. मेमरी सापडली. दुसरा लागला. पहिली मोटार सापडली. मग क्षणभर काहीच नाही. तात्या पेटीवर वाकले. मधली जागा रिकामीच ठेवून शेवटचा दिवा लागला, आणि दोन्ही विहिरींवर मोटारी घुमू लागल्या.

"ह्येला कुणी सांगितलं, मधी कायबी न्हाय म्हणून?" तात्यांनी हळू आवाजात विचारलं.

"त्यानं स्वतः बघितलं, तात्या. आणि स्विचशी ताडून घेतलं."

त्या चिपमधली ओळ न् ओळ तिचीच होती. तरी ती दिव्यांकडं बघतच राहिली. ज्याला आपले हात किती हेही माहीत नव्हतं, ते डोळ्यांदेखत स्वतःला ओळखत गेलं होतं.

टेकावरच्या टाकीत पाणी पडू लागलं. खाली बायकांचा गलका उठला. तात्या मात्र पेटीपुढून हलले नाहीत.

"परत एकदा दाव की," ते म्हणाले.

"पाणी थांबेल थोडा वेळ."

"थांबू दे. मायला बलावतो. तिनं बगाय पायजे ह्ये."

त्यांची माय, कडूबाई, काठी टेकत आली आणि पेटीपुढं बसली. मालननं वीज बंद केली. सगळे दिवे विझले. मग तिनं पुन्हा बटण दाबलं.