कडेला अडकलेले पीठ

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चाळणी आहे. माझे कडे आंब्याच्या लाकडाचे आहे आणि जाळी पितळी तारेची. जाळी एका बाजूला उसवली आहे, म्हणून आता माझ्यातून कोणी पीठ चाळत नाही. माझ्यात एक वाईट खोड होती. दुसऱ्याचे कौतुक झाले की मला सोसत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला फार भली समजणार नाही.

माझा जन्म १९७३ साली नाशिकला, भद्रकालीतल्या हनीफभाईंच्या दुकानात झाला. त्यांनी एकेक तार ताणून मला विणले. चाळणी घ्यायला आलेल्या फुलाबाईंनी मला उजेडाकडे धरून पाहिले आणि विचारले, "हनीफभाई, भोकं मोठी तर नाहीत?"

"अहो बाई, हिच्यातनं मुंगीसुद्धा इजाजत मागून जाईल!"

"मुंगी कशाला चाळू? मला चर्चच्या भाकरीचं पीठ चाळायचंय."

हे ऐकल्यावर हनीफभाईंनी मला परत घेतले, स्वच्छ फडक्याने पुन्हा एकदा पुसले आणि मगच दिले.

फुलाबाई एकट्या होत्या. चर्चच्या मागच्या एका खोलीत त्या राहत. दर शुक्रवारी त्या रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, भाकरी भाजत. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी ही भाकर पाहिली नसेल. रुपयाएवढी गोल, कागदासारखी पातळ आणि पांढरी असते ती. फादर वेदीवर ती अर्पण करतात. त्यानंतर भाविकांसाठी ती साधी भाकर उरत नाही, ती ख्रिस्ताचे शरीर बनते. म्हणून तिचा नियम कडक. गहू आणि पाणी, एवढेच. मीठसुद्धा चालत नाही.

फुलाबाई पीठ माझ्यातून दोनदा चाळत. मग मला उलटी करून कडेवर दोन टिचक्या मारत. टक्, टक्. कोंड्याचा कण माझ्यात राहू देत नसत. पीठ कालवून त्या लोखंडी साच्यात भाजत, गोल भाकरी कापून घेत आणि उरलेले कातरण मुलांना खायला देत.

मी खुशीत असायला हवे होते, नाही का? पण माझा जीव जळत असे. साच्यावर क्रूस कोरलेला होता, त्याला लोक हात लावून पाहत. भाकरी ज्यात ठेवत, तो सोनेरी चषक तर मखमलीत गुंडाळून ठेवलेला असे. आणि मी? मी पिठाच्या डब्यावर खिळ्याला टांगलेली. चर्चमधले गाणे मला भिंतीपलीकडून ऐकू येई. माझ्याशिवाय त्या चषकात काय पडले असते, असे मी मनात म्हणे. चषकाला याची कल्पनाही नव्हती. याचाच मला जास्त राग येई.

रविवारी मिस्सानंतर फुलाबाई व्हरांड्यात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. पण आमच्या चर्चचे फादर इनास म्हणत, "पुस्तकातलं मी सांगतो, पोरांच्या डोक्यात शिरतं ते फुलाबाईंचं." चार नैतिक सद्गुण शिकवायचे आले की त्या स्वयंपाकघरातल्या चार वस्तू बाकावर मांडत. सुज्ञतेसाठी मी, न्यायासाठी पितळी तागडी, धैर्यासाठी बत्ता आणि संयमासाठी मापटे.

"चौघांत पहिली चाळणी," त्या म्हणत. "काय ठेवायचं नि काय टाकायचं हे कळलं नाही, तर तागडी खड्यांसकट तोलेल. बत्ता मिरी कुटतो तसं बोटही कुटेल."

"मावशी, हे चारही गुण देव जन्मताच देतो का?" एकदा एकाने विचारले.

"देव हात देतो रे. भाकरी थापायची सवय आपणच लावून घ्यायची. पहिली भाकरी वाकडीच होते. रोज थापली की हात बसतो. सद्गुणाचं तसंच."

मी पहिली! ते ऐकून माझी जाळी ताठ होई. पण वर्ग सुटला की सगळी पोरे तागडीवर झडप घालत. तिच्या साखळ्या छनछन वाजत. मला कोणी हात लावलाच, तर टोपी म्हणून डोक्यावर ठेवायला.

अशी काही वर्षे गेली. फुलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. भाकरीच्या कडा करपू लागल्या. एके दिवशी फादर इनास दारात येऊन चप्पल काढत बसले. चप्पल काढायला त्यांना फारच वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, "फुलाबाई, भाकरीचं काम आता लताबाईकडे देऊ या का? तुम्ही वर्ग मात्र सोडू नका."

"द्या की," फुलाबाई म्हणाल्या. "तरुण आहे ती." आणि फादर गेल्यावर त्यांनी रिकामाच साचा बराच वेळ घासला.

लताबाई लग्न होऊन देवळ्याहून आली होती. हात चपळ, बोलणे खळखळून. तिच्या भाकरी पातळ होत आणि एकही मोडत नसे. तिच्याकडे नवी नायलॉनची चाळणी होती. हिरवी, हलकी. बाया ती हातात घेऊन म्हणत, "अगं बाई, किती छान! धुवायलाही सोपी." साचा लताबाईकडे गेला आणि मी खिळ्यावर राहिले. त्या हिरव्या चाळणीचे वाईट व्हावे, असे मी रोज मनात म्हणत होते. मित्रांनो, मी खरे तेच सांगते आहे.

फुलाबाईही माझ्याहून वेगळ्या नव्हत्या. मिस्साहून परत आल्या की त्या मलाच सांगितल्यासारखे पुटपुटत, "सगळ्या म्हणतात, लताच्या भाकरी कशा जाईच्या पाकळ्या. आमच्या काय गोवऱ्या होत्या?"

१९८१ च्या फेब्रुवारीत पुण्याहून बिशप येणार होते. मुलांना दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा, संस्कार द्यायचा होता. त्या आठवड्यात, गुरुवारी, लताबाई आमच्या दारात आली. तोंड उतरले होते.

"मावशी, माझी चाळणी गेली. तापल्या साच्यावर ठेवली चुकून. हे एवढं भोक पडलं वितळून. तुमची द्याल का?"

माझा आनंद काय सांगू! फुलाबाई म्हणाल्या, "घे. जुनी आहे. तुझ्या पाकळ्यांना चालते का बघ." लताबाईने टोमणा ऐकून न ऐकल्यासारखे केले.

तिच्या घरी मी जे पाहिले ते ऐका. तिने गव्हाचे पीठ चाळले. मग एका वाडग्यातले दुसरे पीठ माझ्यात ओतले. ते पांढरेशुभ्र होते आणि बोटांना किंचित रवाळ लागत होते. तांदळाचे पीठ! माहेरी पापड हलके व्हावेत म्हणून ती ते घालत असे. बिशप येणार, तर भाकर आणखी पांढरी, आणखी कुरकुरीत व्हावी एवढाच तिचा हेतू होता. शुक्रवारी भाकरी झाल्या आणि संध्याकाळी तिने मला परत आणून दिले. टिचक्या मारायच्या मात्र राहून गेल्या.

फुलाबाईंनी मला सवयीने उलटी केली. टक्, टक्. जाळी आणि कडे यांच्या सांध्यातून चिमूटभर पीठ ताटात पडले. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, पण बोटांना दिसत होते. त्यांनी ते चोळले, जिभेवर ठेवले.

"तांदूळ," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्या खाली बसल्या आणि, मित्रांनो, त्या हसल्या. ते हसू मला ओळखीचे वाटले, कारण मीही तशीच हसत होते. रविवारी त्या भाकरी बिशपांच्या हाती जाणार. नियम मोडला हे कोणाच्या तरी लक्षात येणार, नाहीतर फुलाबाई मागाहून फादरांच्या कानावर घालणार. लताबाईची मान खाली जाणार, साचा परत आमच्या घरी येणार. करायचे काहीच नव्हते. फक्त गप्प बसायचे होते. मी मनात म्हणत होते, बसा, फुलाबाई, गप्प बसा!

शनिवारी सकाळी मुलांची तयारी होती, कारण बिशप प्रश्न विचारणार होते. आम्ही चौघे बाकावर होतो. एस्तेर नावाची दहा वर्षांची एक मुलगी होती, प्रश्नांची पेटीच. ती म्हणाली, "मावशी, सुज्ञता म्हणजे बरं-वाईट कळणं. मग कळलं, पण केलंच नाही, तर?"

"तर काय?"

"तर ती सुज्ञता राहते का?"

फुलाबाईंनी मला बाकावरून हातात घेतले होते. त्यांची बोटे माझ्या कडेवर घट्ट झाली. "नाही," त्या म्हणाल्या. "ती नुसती हुशारी. हुशारी चोरालाही असते." आणि त्यांनी मला बाकावर परत ठेवले. मग त्यांनी वर्ग लवकर सोडला.

दुपारी त्यांनी मला पदराखाली घेतले आणि गव्हाच्या पिठाचा डबा उचलून लताबाईचे घर गाठले. लताबाई भाकरी मोजून डब्यात भरत होती.

"लता, तांदूळ घातलास ना?"

"घातला. मूठभर. का?"

"नाही चालत. गहू आणि पाणी. फादरांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पण तांदूळ म्हणजे काय विष आहे का? देवानंच पिकवला ना?" लताबाईचा चेहरा लाल झाला. रागावली की ती माहेरच्या बोलीवर जात असे. "माले समजत नई का? मन्ह्या भाकरी चांगल्या व्हतस म्हणून तुम्हना पोटमा दुखस!"

मी वाट पाहत होते. आता फुलाबाई तिला फाडून खातील. त्यांच्याकडे तोंड होते, कारण होते आणि सत्यही होते. त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला.

"दुखतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? दोन वर्षं दुखतंय. काल हे पीठ सापडलं तेव्हा बरंच वाटलं मला. रात्रभर गप्प बसले. पण लता, पोटदुखी माझी आणि चूक पिठातली. दोन्ही वेगवेगळं चाळ, बाई. मला दुखतंय म्हणून तुझं पीठ शुद्ध होत नाही."

लताबाई खाली बसली. "उद्या अडीचशे माणसं येणार, मावशी. आता कसं व्हायचं?"

"चूल पेटव."

त्या दुपारी मी जितके पीठ चाळले तितके आयुष्यात चाळले नव्हते. फुलाबाई चाळत, कालवत आणि भाजत होत्या, लताबाई कडांवर नजर ठेवत आणि कापत होती. फुलाबाईंना कडा दिसत नव्हत्या, तर लताबाई म्हणे, "आता काढा, मावशी," आणि त्या साचा उघडत. एकीचे डोळे आणि दुसरीचे हात. दिवेलागणीला शेवटची भाकर निघाली. तांदळाच्या भाकरी अजून अर्पण केलेल्या नव्हत्या, म्हणून त्या गल्लीतल्या पोरांनी गुळाबरोबर कुरूमकुरूम खाऊन टाकल्या.

रविवारी बिशपांनी मिस्सानंतर विचारले, "भाकरी कोणी केल्या? फार सुरेख आहेत." फादर इनास म्हणाले, "आमच्या लताबाईंनी." बायांनी माना हलवल्या. लताबाईने बोलायला तोंड उघडले, पण फुलाबाईंनी तिचा हात दाबला आणि मान हलवली. घरी येऊन त्यांनी मला खिळ्याला लावले आणि म्हणाल्या, "कालचं सोपं होतं ग. आजचं कठीण गेलं."

मला मात्र ते पटले नव्हते. कष्ट आमचे आणि नाव तिचे! मी पुढे कितीतरी वर्षे ते धरून बसले. चाळणीचे असेच असते, मित्रांनो. चांगले पीठ ती खाली सोडते आणि कोंडा जवळ ठेवते.

१९८६ साली फुलाबाई वारल्या. तोवर लताबाई इंदिरानगरला राहायला गेली होती आणि भाकरी यंत्रावर होऊन पाकिटांतून येऊ लागल्या होत्या. फुलाबाईंच्या अंत्यविधीच्या मिस्साला लताबाई आली. खोलीत जाऊन तिने मला खिळ्यावरून काढले. अर्पणाच्या वेळी लोक भाकर आणि द्राक्षारस घेऊन पुढे जातात. त्यांच्या मागून ती मला दोन्ही हातांत धरून चालली. मी पहिल्यांदाच चर्चच्या आत जात होते. फादरांनी मला वेदीच्या पायरीवर, चषकाच्या अगदी जवळ ठेवले. तेरा वर्षे ज्याचा मी मत्सर केला, त्याला मी जवळून पाहिले. सोनेरी मुलामा काठाशी झिजला होता. कितीतरी हातांनी तो पुसला गेला होता.

मिस्सा संपल्यावर लताबाई सगळ्यांपुढे उभी राहिली. "बिशप आले तेव्हाच्या भाकरी माझ्या एकटीच्या नव्हत्या," ती म्हणाली. "माझं पीठ चुकलं होतं. मावशींनी मला वाचवलं आणि पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही. मी सांगू लागले की म्हणायच्या, 'मी मेल्यावर सांग.' म्हणून आज सांगते." तिने मला उलटी केली आणि कडेवर दोन टिचक्या मारल्या. टक्, टक्.

माझ्यातून काही पडले नाही. पण जिचे मी वाईट चिंतले होते, तिच्याच हातात मी होते, आणि मला फार हलके वाटले.

आता मी लताबाईकडे असते आणि मुलांचा वर्ग ती घेते. फाटकी असले तरी बाकावर ती मला पहिली मांडते. पोरे अजून तागडीवरच झडप घालतात. अजून मला थोडे जळायला होते, नाही कशाला म्हणू? मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल. तिला ओली टाकू नका, तापल्या भांड्यावर ठेवू नका. काम झाले की तिला उलटी करा आणि कडेवर दोन टिचक्या मारा. सांध्यात काय अडकून राहिले आहे ते वरून दिसत नाही. आणि तेवढ्यात स्वतःलाही विचारून घ्या, आज कोणाचे कौतुक मला सोसले नाही?