विचारल्याशिवाय न बोलणारी

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे आणि माझ्यात एकही पुस्तक नाही. संगणकाच्या दुनियेत लायब्ररी म्हणजे आयत्या लिहून ठेवलेल्या सूचना. माझे काम निरोप्याचे. माणसाचा प्रश्न शेजारच्या क्लायंटकडे न्यायचा आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे आणायचे. पदरचे काही घालायचे नाही.

हा क्लायंट म्हणजे क्रिप्टो चलनाची वही सांभाळणारा प्रोग्राम. तीच वही जगभर हजारो संगणकांवर असते. तिच्यात देवघेवीसोबत छोटा निरोपही लिहिता येतो. तिची पाने वाढत जातात, पण एकदा लिहिलेले कोणालाच खोडता येत नाही.

मला काही हौशी लोकांनी फावल्या वेळात घडवले. आरंभी माझे फार कौतुक झाले. मग नव्या आवृत्त्या आल्या आणि मला कोणी विचारीनासे झाले. एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने मात्र मला ठेवून घेतले. "चाललंय ना नीट? मग कशाला हात लावायचा," असे तो म्हणे. कामावरून आला की हात न धुताच बसायचा. कळफलकावरची अर्धी अक्षरे ग्रीसने काळी झाली होती. मला तो फार आवडायचा.

त्याचा छोटा प्रोग्राम माझ्याकडून आधी एकच गोष्ट विचारून घेई, वही आजच्या पानापर्यंत पोहोचली का? क्लायंट बंद राहिला की मागे पडतो आणि मागे असला की त्याला पुढचे काहीच ठाऊक नसते. "लिफ्ट मजल्याला लागल्याशिवाय दार उघडायचं नाही," असे तो पुटपुटायचा.

त्याची मुलगी दूर राहत होती. तिच्या लग्नाला नक्की येतो असे सांगून तो गेलाच नव्हता. तेव्हापासून दोघांत अबोला होता. एका दुपारी त्याने तिच्यासाठी वहीत लिहायला माझ्याकडे निरोप दिला. शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती.

"अरे, सरळ पत्र लिही की!"

"पत्र मी फाडून टाकीन, ताई. माझं मला ठाऊक आहे. हे मलाही फाडता येणार नाही."

मी निरोप नेला आणि पोचपावतीचा लांबलचक क्रमांक आणला. तो त्याने कागदावर उतरवून बहिणीला दिला. तेवढ्यात कुठेतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला आणि त्याने घाईघाईने संगणक बंद केला. निरोप बाहेरच्या संगणकांकडे गेला होता, पण त्याचे पान आमच्या वहीत यायचे राहिले. पुढे तो आजारी पडला. या खुर्चीत पुन्हा कधी बसला नाही.

दोन वर्षे आम्ही बंद होतो. तो गेला, तेव्हा कुठे मुलगी आली. आत्याने तिला कागद दिला आणि बाबांनी तुझ्यासाठी वहीत लिहून ठेवलंय म्हणाली. तिला प्रोग्रामिंग येत होते, पण बाबांचा प्रोग्राम ठाऊक नव्हता. वही पोहोचली का हे न विचारताच तिने थेट मलाच क्रमांक दिला.

क्लायंट नुकताच जागा झाला होता, दोन वर्षांपूर्वीच्या पानावर होता. म्हणाला, असे काही नाही. मला माहीत होते की आहे, निरोप मीच तर नेला होता! पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. मी ते "नाही" तिच्यापुढे नेऊन ठेवले.

"बघितलंस, आत्या? येतो म्हणाले, आले नाहीत. लिहिलं म्हणाले, लिहिलं नाही."

"अगं, माझ्यासमोर लिहिलंय त्याने. थोडं थांबून बघ."

"अजून किती थांबायचं माणसाने?"

कागद चुरगळून तिने टोपलीत टाकला आणि ती निघून गेली. संगणक बंद करायचेही तिच्या ध्यानात आले नाही. क्लायंट नेटाने पाने लावत राहिला. पाचव्या दिवशी ते पान आले: "येतो म्हणालो आणि आलो नाही. चूक माझीच. तू बोलली नाहीस तरी चालेल."

हे वाक्य आता जगभर हजारो ठिकाणी आहे आणि कोणी वाचलेले नाही. आत्याने तो कागद सरळ करून कळफलकाखाली ठेवला आहे. ती रोज येते, टेबल पुसते, लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघते आणि जाते. काय विचारायचे ते तिला माहीत नाही. शनिवारी घर रिकामे करायचे आहे.

मित्रांनो, जुन्या यंत्राला आणि जुन्या माणसाला पोहोचायला वेळ लागतो. त्यांच्या पहिल्या "नाही"वर उठून जाऊ नका. आधी एवढेच विचारा, पोहोचलास का?

माझ्याजवळ आता "हो" आहे. ते घ्यायला समोर कोणी नाही.