सुनेचा लॅपटॉप रेटताना

आबांनी चौतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. निवृत्तीनंतर घरात तापणाऱ्या वस्तू दोनच उरल्या, एक इस्त्री आणि दुसरं त्यांचं स्वतःचं डोकं. म्हणून सून सकाळी कपाळाला हात लावून "लॅपटॉपची नुसती भट्टी झालीय," म्हणाली, तेव्हा पेपर टाकून ते चटकन उठलेच.

सून दुकानं-दवाखाने आतून सजवून द्यायची. चार वाजता दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्यांचा नवा दवाखाना तिनं लॅपटॉपमध्ये उभा केला होता आणि पडद्यावर त्यातून चालत फिरता येत होतं. म्हणजे यायला हवं होतं. आठ वर्षांचा लॅपटॉप पावलापावलाला ठेचकाळत होता. आधी अर्धं दार दिसायचं, मग उंबरा, मग एकदम समोरची भिंत. सुनेनं सांगितलं, की चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स चिपचा वेग ठरल्या हद्दीच्या थोडा पुढे रेटता येतो. मात्र ती आणखी तापते, आणि अति केलं तर कायमची बसते.

"आत्ता किती आहे?" आबांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव अंश."

"मग आधी राख काढ. राख न काढता आच वाढवणारा माझ्या हाताखाली दोन दिवस टिकला नसता."

दोघांनी मिळून लॅपटॉप उलटा करून उघडला. पंख्यापाशी धुळीची चक्क गादी झाली होती. चिपवरचा, तिची उष्णता ओढून घेणारा पण आता वाळून खडखडीत झालेला लेप सुनेनं खरवडून काढला आणि नवा लावला. झाकण लावून चालू केलं, तर आकडा शहात्तरवर. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

मग खरी गंमत सुरू झाली. सून चिपचा वेग पंचवीस-पंचवीस मेगाहर्ट्झनं वाढवायची आणि आबा चष्मा नाकावर ओढून अंश वाचायचे. एकोणऐंशी. ब्याऐंशी. पडद्यावरचं दार आता लोण्यासारखं उघडत होतं. सून खुर्चीत उड्या मारायला लागली, आणि जन्मभर इतरांना दमानं घ्यायला सांगणारे आबाच म्हणाले, "अजून एक दे." एकाचे तीन झाले. तेवढ्यात दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतींवर हिरवे-जांभळे ठिपके उठले आणि पडदा काळाठिक्कर पडला.

पाच-सहा सेकंदांनी चित्र परतलं, तेव्हा कुठे आबांनी श्वास सोडला. त्यांनी सुनेला वेग दोन पायऱ्या खाली आणायला लावलं आणि तासभर तसंच चालवून पाहिलं. ठिपका म्हणून दिसला नाही.

चारला डॉक्टरीणबाई आल्या. पाच मिनिटांत त्यांनी बटणं स्वतःच्या हातात घेतली आणि साऱ्या खोल्यांतून अशा सुसाट सुटल्या, की सुनेला समजावून सांगायला वावच उरला नाही. आबा मागे उभे राहून आकडा बघत होते. चौऱ्याऐंशी, स्थिर. शेवटी बाई पेशंटच्या खुर्चीत जाऊन 'आडव्या' झाल्या आणि वर बघू लागल्या. वर कोरं छत होतं.

"माझे पेशंट अर्धा तास हेच बघणार?" त्या म्हणाल्या.

सून ओशाळली. पण बाईंना हसू फुटलं होतं. आधी येऊन गेलेल्या दोन सजावटकारांनी नुसते कागद दाखवले होते, त्यांत असं आडवं होऊन छत बघायची सोयच नव्हती. वर काहीतरी मजेदार काढ आणि सोमवारपासून कामाला लाग, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं.

त्या गेल्यावर सुनेनं बटणं आबांपुढे सरकवली. आबा तीनदा भिंतीतून आरपार गेले आणि चौथ्यांदा औषधांच्या कपाटात अडकले. सुनेच्या हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. आबा म्हणाले, मला बाहेर काढायची घाई करू नकोस, इथं बरं वाटतंय.