रहमतभाईंच्या कॉम्प्रेसरचा संताप

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. म्हातारी यंत्रे फक्त गोड आठवणी सांगतात अशी तुमची समजूत असेल, तर ती आज बाजूला ठेवा.

माझा जन्म दूर कोइमतूरच्या एका कारखान्यात झाला. जाड पत्र्याची लांबट टाकी, तिच्यावर मोटार, पट्टा आणि हवा दाबणारा पंप, असे माझे शरीर. पोटाखाली पाणी सोडायची तोटी, वर दाब दाखवणारा काटा आणि काट्याशेजारी पितळेची एक लहानशी झडप. टाकीत जास्त हवा झाली की ही झडप आपोआप उघडते आणि नको असलेली हवा बाहेर फेकते. ती उघडली नाही तर टाकी फुटते. माझ्या अंगावर त्या झडपेइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

रहमतभाईंनी मला यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला आणले. दारव्हा रस्त्यावर त्यांचे सर्व्हिस स्टेशन होते. टिनाचे शेड, गाडीखाली उतरून काम करायचा सिमेंटचा खड्डा आणि गाड्या धुवायचा ओटा. रोज सकाळी ते आधी माझी तोटी उघडून आत साचलेले पाणी सोडत, मग झडपेची कडी बोटाने ओढून पाहत. "पहिले ह्याचं पोट साफ, मंग आपला चहा," असे ते म्हणायचे. पस्तीस वर्षांत किती ट्रक, किती ट्रॅक्टर, किती सायकलींना मी हवा दिली, त्याचा हिशेब नाही. माझ्या पोटात कधी गंज साचला नाही.

रहमतभाई गेले आणि स्टेशन त्यांच्या मुलाकडे, मोईनकडे आले. मोईन मनाने वाईट नाही, असे सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. दोन वर्षांत त्याने एकदाही माझी तोटी उघडली नाही. झडपेची स्प्रिंग थकली आणि ती वेळेआधीच फुसफुस करू लागली. नवी झडप यवतमाळला सहज मिळाली असती. मोईनने काय केले? झडपेवर लोखंडी पट्टी ठेवली आणि तारेने आवळून टाकली. आवाज बंद झाला. त्या दिवसापासून मी श्वास कोंडून काम करत होतो, आणि माझ्या अंगाला टेकून गिऱ्हाइके चहा पीत होती.

गेल्या दिवाळीनंतर रूपसिंग आला. एसटीचा ड्रायव्हर म्हणून नुकताच निवृत्त झालेला, नेरजवळच्या तांड्यावर राहणारा. नेरहून उमरखेडपर्यंतचा रस्ता त्याला पाठ होता. पण गाडीचे काम आगारातले मिस्त्री करत, त्यामुळे पाना त्याच्या हातात कधी आला नव्हता.

"घरी बसून बसून अंग आखडून राह्यलं, मोईनभाऊ," तो म्हणाला. "काई काम असन तं सांग. शिकून घेईन."

मोईनने त्याला ठेवून घेतले. आणि पहिल्याच दिवशी, मित्रांनो, रूपसिंगने एका जीपचे जुने ऑइल खड्ड्यात उतरून काढले, वर येऊन नवे ऑइल ओतायला घेतले, आणि खालचा बोल्ट लावायचा विसरून गेला. एक डबा संपला, दुसरा संपला. तो कौतुकाने म्हणाला, "लयच तहान लागली होती वाटते हिले!" खाली खड्ड्यात नव्या ऑइलचे तळे झाले होते.

पुढच्या आठवड्यात त्याने एका मोटारीवर जोरदार पाणी मारले. तिच्या चारही काचा खाली होत्या. मग एका मुलीच्या स्कूटीत हवा भरली. हाताला बसच्या चाकाची सवय. त्याने नळी लावली ती लावलीच. धडाम आवाज झाला आणि समोरच्या पानठेल्यावरचा माणूस विडा टाकून पळाला. रामराव नावाचे शेतकरी मोटरसायकल धुवायला आले, तर रूपसिंगने त्यांच्या सीटलाही चकचकीत पॉलिश लावले. रामरावांनी गावाच्या फाट्यावर ब्रेक दाबला आणि ते सरळ पेट्रोलच्या टाकीवर जाऊन बसले.

हसू आले ना? मलाही आले असते. पण मोईनने काय केले ते ऐका. त्याने रूपसिंगला एकदाही जवळ बसवून 'हे असे करायचे' म्हणून दाखवले नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि 'नवे मिस्त्री, वय अठ्ठावन्न' अशा नावाने त्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. ते बोरी अरबच्या बाजारापर्यंत पोचले. माणसे गाडीचे काम नसताना नुसती पाहायला येऊ लागली. पुढे पुढे तर मोईन मुद्दाम अर्धवट काम सांगायचा आणि मोबाइल धरून उभा राहायचा. माणूस चुकायची वाट पाहणारा मालक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मला हात असते तर तो मोबाइल मी खड्ड्यातल्या ऑइलमध्ये टाकला असता.

रूपसिंग दुपारी माझ्या शेजारी बसून भाकर खायचा. एकदा त्याची बायको मानीबाई डबा घेऊन आली. ती म्हणाली, "तांड्यात पोरंसोरं नक्कल करून राह्यले तुमची. कायले येता इथं?"

तो म्हणाला, "चुका माह्याच हायेत. पण शिकवतच नाई कोणी, मी काय करू?"

एका शुक्रवारी मोईन नमाजला गेला होता. रूपसिंग शेड झाडता झाडता माझ्यापाशी थांबला. त्याने तार पाहिली, वाकून तळाची तोटी पाहिली. बसचे ब्रेक हवेवर चालतात. तशीच टाकी, तशीच झडप तो चौतीस वर्षे सांभाळत आला होता. गाडी काढण्याआधी रोज टाकीतले पाणी सोडायचे, हे त्याच्या हाडात मुरले होते. त्याने मोटार बंद केली. तोटीतून हवा आणि लालभडक गंजके पाणी बाहेर आले, बादलीभर. मग पकड घेऊन त्याने तार तोडली.

किती दिवसांनी माझी मान मोकळी झाली.

मोईन परत आला तो ओरडतच. "काका, पूर्ण टाकी खाली केली? आणि तार काहून काढली?"

"झडप बांधायची नसते, मोईनभाऊ. टाकी फुटन."

"आता तुम्ही मले शिकवसान? बांधा पहिले ते तार."

"मी नाई बांधत," रूपसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुले बांधायची असन तं मी घरी गेल्यावर बांध."

इतक्यात रामराव ट्रॅक्टर घेऊन आले. कापसाच्या ट्रॉलीचे चाक बसले होते. सोबत त्यांची सात वर्षांची नात होती. ती सावली पाहून माझ्या टाकीला टेकून उभी राहिली. मोईनने माझी मोटार सुरू केली. पंक्चर काढण्यात बराच वेळ गेला. पुरेसा दाब झाला की मोटार बंद करणारा एक स्विच असतो; साफसफाईवाचून तोही नेमका त्या दिवशी अडकला. काटा चढत गेला. धोक्याच्या लाल खुणेला लागला. पुढे सरकला. रूपसिंग चाकापाशी गुडघ्यावर बसला होता आणि मोईनचा मोबाइल त्याच्यावर रोखलेला होता. काट्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते. मित्रांनो, मला बोलता येत नाही याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

इतके दिवस आवळून ठेवल्याने चिकटलेली झडप शेवटी किंचाळत उघडली. धुळीचा लोट उठला. पोर रडत आजोबांकडे धावली. गिऱ्हाइके रस्त्यावर पळाली.

"पाहा, काढली ना तार! पाहा आता!" मोईन ओरडला.

रूपसिंग पळाला, पण माझ्या दिशेने. त्याने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि मोईनचा दंड धरून त्याला माझ्यासमोर उभे केले.

"काटा पाह्य."

मोईनने पाहिले. हवा सुटत असूनही काटा अजून लाल खुणेच्या पलीकडेच होता. पोर उभी होती तिथे तिची एक चप्पल पडली होती. मोईन त्या चपलेकडे पाहत राहिला आणि त्याचा मोबाइल हळूहळू खाली आला.

मागच्या घरातून त्याची आई, हजराबी, धावत आली. तिने जमिनीवरची तार उचलली. रहमतभाईंबरोबर तिने तीस वर्षे या शेडमध्ये काढली होती; तिला काही समजावून सांगावे लागले नाही.

"ये किसने बांधी थी?"

"मैंने," मोईन म्हणाला.

"काका की माफी माँग. सबके सामने."

"माफी राहू द्या, भाभी," रूपसिंग म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज फाटला. "तीन महिने झाले. अख्खा नेर हासून राह्यला माह्यावर. मले माफी नको. मले ऑइल बदलणं शिकव, मोईनभाऊ. नीट. पहिल्यापासून."

रामरावही मान खाली घालून उभे होते. ते व्हिडिओ पाहून सगळ्यांत मोठ्याने तेच हसले होते.

ट्रॉलीचे चाक त्या दिवशी दुसरीकडच्या हवेने भरले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोईन खड्ड्यात उतरला, त्याने रूपसिंगला हात देऊन खाली घेतले आणि बोल्ट कुठे असतो, किती आवळायचा, हे तो दाखवत राहिला. दोघे बराच वेळ खाली होते.

माझे म्हणाल, तर मला तपासायला यवतमाळहून माणूस आला. त्याने टाकीवर हातोडी वाजवून पाहिली. "तळ कागदासारखा झाला. याच्यात आता हवा भरू नका," तो म्हणाला. रोज दोन मिनिटे तोटी उघडली असती, तर मी अजून वीस वर्षे चाललो असतो. आता मी शेडमागे बाभळीखाली पडून आहे. भंगारवाला येईल तेव्हा येईल. मोईन परवा माझ्यावरची धूळ पुसून गेला. मला त्याचे काही वाटले नाही.

मित्रांनो, यंत्र कुरकुरले तर त्याचे तोंड बांधू नका. ते का कुरकुरते ते पाहा. आणि नवशिका माणूस चुकला तर हसा, हसायला माझी ना नाही. पण हसून झाले की त्याच्याजवळ बसा आणि ते काम त्याला एकदा करून दाखवा. ज्याला तुम्ही काहीच शिकवले नाही, त्याच्या चुकीत अर्धी चूक तुमची असते.

जाता जाता एक. तुमच्या घरच्या कुकरच्या झाकणावरही शिट्टीशेजारी अशीच एक छोटी झडप असते. ती कुणी चिंधीने, तारेने किंवा खिळ्याने बंद केली असेल, तर आजच आईबाबांना सांगा. 'तुला काय कळते' म्हणतील. म्हणू देत. तुम्ही पुन्हा सांगा.