पाचव्या चाकाचा धूर

मित्रांनो, मी सध्या पाण्याच्या पिंपाखाली ठेवलेलं एक काळं लोखंडी रिंगण आहे. पिंपाचं बूड गंजू नये, एवढंच माझं काम. पण एके काळी माझ्यावर टायर होतं आणि मी एका जीपची स्टेपनी होते. स्टेपनी म्हणजे गाडीचं जादा चाक. चार चाकं राबतात आणि पाचवं मागच्या दारावर बसून मुलूख बघतं. असून अडचण, नसून खोळंबा ही म्हण आमच्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

जीप भावजी चालवत आणि शेजारी वहिनी बसत. दूरच्या ओसाड पठारावर जागोजागी विंधनविहिरी खणलेल्या होत्या. त्यांत फीत सोडायची आणि पाणी किती खोल गेलंय ते पाहायचं, ही वहिनींची नोकरी. त्या मुलखात दिवसभरात एखादी झोपडी दिसली तर दिसली. वहिनींचे यजमान, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, घरी राहून मोटारपंप दुरुस्त करत. त्यांना सगळे दादा म्हणत. निघण्याआधी कोणत्या रस्त्याने जाणार आणि कधी परतणार हे दादांना सांगायचं, असा घरचा दंडक होता. ठरल्या दिवशी गाडी आली नाही, तर दादा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्याने शोधायला निघणार, हेही ठरलेलं.

वहिनी पाणी नेहमी गरजेच्या दुप्पट घेत. कॅन चढवताना भावजी कुरकुरत.

"वहिनी, आपण विहिरी मोजायला निघालोय की विहीर घेऊन निघालोय?"

"चढवा गुमान. तहान लागली की तुम्हीच पहिले हात पुढे करता."

भावजी माझं फार कौतुक करत. दर रविवारी मला ओल्या फडक्याने पुसत, काळं पॉलिश लावत. माझ्यासाठी त्यांनी खास रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं होतं. भेटेल त्याला सांगत, "इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण आमच्या स्टेपनीला अजून जमीन माहीत नाही." ते खरंच होतं. पण या सगळ्या लाडात माझी हवा मात्र कुणी बघितली नाही. आतली ट्यूब उन्हाने विरत गेली आणि हवा थोडी थोडी निघून गेली. वरून कव्हर इतकं ताठ होतं की कुणाला संशयही आला नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण स्टेपनीला तोंड नसतं.

एका उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर भावजींनी गाडी अचानक डावीकडे वळवली.

"या कोरड्या नाल्याच्या कडेने गेलं तर अर्धा रस्ता वाचतो."

"ह्यांना आपण हा रस्ता सांगितलेला नाही, भावजी."

"संध्याकाळी घरी जाऊन सांगू की. जेवता जेवता."

वहिनी दमलेल्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही.

पुढे काही अंतरावर एका टोकदार दगडाने पुढचं चाक फाडलं. भावजी अगदी निवांतपणे उतरले. माझं कव्हर काढताना ते चक्क शीळ घालत होते. मग त्यांनी मला खाली टेकवलं आणि मी तिथेच बसकण मारली. पंप लावला, तर जितकी हवा आत जाई तितकी फुसफुसत बाहेर येई. भावजींची शीळ थांबली. फाटलेलं टायर उतरवून नुसत्या रिमवर गाडी रेटून पाहिली, तेव्हा पुढचा भाग भुसभुशीत मातीत रुतला. आता गाडी हलणार नव्हती.

वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी गाडीच्या सावलीला ताडपत्री बांधली आणि पाण्याचे वाटे केले. फाटलेलं टायर त्यांनी डिझेलच्या बोळ्याने पेटवलं, पण वारा इतका होता की धूर वर चढलाच नाही, जमिनीलगत पसरून विरून गेला.

"स्टेपनी ठेवून देऊ," वहिनी म्हणाल्या. "वारा पडला की पेटवू. धूर सरळ उभा राहिला तरच ह्यांना मोठ्या रस्त्यावरून दिसेल."

बाकीची तीन चाकं रुतलेल्या गाडीखालून निघणार नव्हती; सुटं टायर एकच उरलं होतं आणि ते मी होते. भावजींना माझ्याकडे बघवत नव्हतं.  संध्याकाळी ते म्हणाले, "मागे एक झोपडी दिसली होती. मी चालत जाऊन कुणाला तरी घेऊन येतो."

"गाडी सोडून पाऊल टाकायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना डुलकी लागली आणि भावजी एक बाटली घेऊन गेले. मी पाहिलं. माणूस लाजला की त्याला एका जागी बसवत नाही. झोपडीच्या दिशेने निघालेले भावजी भलत्याच टेकाडाआड दिसेनासे झाले.

वहिनी जाग्या झाल्या. त्यांनी हाका मारल्या, हॉर्न वाजवला. वाऱ्याच्या घोंघाटात सगळं विरून गेलं. पाठोपाठ जावं तर दोघंही हरवणार. मग त्या माझ्याजवळ आल्या. वारा अजून जोरात होता. आत्ता मला पेटवलं तर धूर लांबून दिसणार नाही आणि दादांसाठी काही उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं आणि काडी ओढली. हवा भरलेलं टायर जाळलं तर फुटतं, पण ती चिंता माझ्याबाबतीत नव्हती.

मी जळले, मित्रांनो. दुखलं. माझा काळा धूर जमिनीलगत सरपटत पठारभर पसरला.

ऊन चांगलं तापल्यावर भावजी त्या धुराच्या कडेकडेने आले. ओठ फुटले होते, बाटली रिकामी होती.

"झोपडी सापडली नाही, वहिनी. मग गाडीही सापडेना. सगळीकडे सारखंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही तर दादासाठी ठेवली होती ना?"

"ते येतील तेव्हा येतील. आधी तुम्हाला आणायचं होतं."

भावजी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, तेही घोटाघोटाने.

दादा त्यानंतरच्या दिवशी आले. सांगितलेल्या रस्त्याने ते पुढपर्यंत गेले, दोघं दिसेनात म्हणून परत फिरले आणि नाल्याशी वळलेल्या चाकांच्या खुणा शोधत पोचले. तोवर कॅनच्या तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं. ते दुप्पट घेतलं नसतं, तर ही गोष्ट सांगताना मला फार जड गेलं असतं.

मला कुणी तिथे टाकून आलं असतं तरी तक्रार नव्हती. पण भावजींनी मला उचलून दादांनी आणलेल्या गाडीत घेतलं आणि घरापर्यंत मांडीवरून उतरवलं नाही. त्यांची पँट काळीकुट्ट झाली.

तर मित्रांनो, लांबच्या वाटेला निघताना स्टेपनीची हवा बघा. पुसली नाहीत तरी चालेल. सांगितलेला रस्ता बदलू नका. आणि गाडी अडलीच, तर कितीही लाज वाटली तरी तिच्याजवळ बसून राहा. शोधायला येणाऱ्याला गाडी दिसते. त्या पठारावर माणूस फार लहान असतो.