थांबबाबा आणि गाडीचं कपाळ

"थांब!" बाबांनी तळहात पुढे केला आणि लालभडक स्पोर्ट्स कार त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर गपकन थांबली. दार उघडलं, तर आत चेला सीटवर मांडी घालून बसलेला! ब्रेकला पायसुद्धा लागला नव्हता. शोरूममागच्या पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक रडत होते, मोबाइल उंचावत होते, एकमेकांच्या पायांवर पाय देत होते.

"ब्रेकवर भरवसा ठेवाल तर फसाल, कवचावर ठेवाल तर तराल!" बाबा गरजले. कवच म्हणजे बशीएवढा सोनेरी स्टिकर. तो काचेवर, अगदी वर मधोमध चिकटवायचा. "ते गाडीचं कपाळ! तिथूनच शक्ती आत शिरते."

"बाबांच्या गाडीला कवच कसं नाही?" मी आईला विचारलं.

"त्यांना कशाला? ते स्वतःच कवच."

मी विमा कंपनीत आहे. कुठली गाडी किती सुरक्षित, कुठे आपटते, आतल्या-बाहेरच्या माणसाचं काय होतं, हे तपासणं माझं काम. ही गाडी वेगाला वेडी, पण गुणी. समोर माणूस दिसला की आपणहून ब्रेक लावते. बाबांचा चमत्कार एवढाच होता! पण हल्ली याच मॉडेलच्या नाक फुटलेल्या गाड्या एकामागून एक माझ्याकडे येत होत्या. जी गाडी आपणहून थांबते ती धडकते कशी? हे कोडं सुटत नव्हतं आणि जिवाला चैन नव्हतं. त्यात दादाने हीच गाडी घेतलेली.

"आई, हे यंत्र आहे. बाबा नसले तरी गाडी थांबेल."

"असेल," आई म्हणाली. "पण दादा ही गाडी घेऊन बाहेर पडला की माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. तू एवढं समजावलंस, तरी लागला नाही. बाबांचं कवच लावलं आणि लागला."

तेवढ्यात दादा आला. "हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा पगार मिळतो गं आई, लक्ष देऊ नकोस."

"आता भक्ताची गाडी आणि घरच्या माणसाचा हात!" बाबांनी पुकारा केला. "आईच्या हातात माझी शक्ती उतरेल!"

दादा गाडीत जाऊन बसला. आई पदर खोचून पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. मला राहवेना. मी दादाच्या खिडकीशी धावले. स्टिअरिंगमागच्या पट्टीवर एक पिवळा दिवा पेटलेला होता.

"हा दिवा कधीपासून?"

"कवच लावल्यापासून. बाबा म्हणाले, शक्ती उतरल्याची खूण आहे."

मी वर पाहिलं. आरशामागे, काचेच्या मधोमध सोनेरी बशी. तिच्यामागे कॅमेरा. रस्त्यावरचा माणूस गाडीला ज्या डोळ्याने दिसतो, नेमका तोच डोळा बाबांनी झाकला होता आणि गाडी बिचारी दिवा लावून ओरडत होती. नाकं फुटलेल्या गाड्यांवरही हीच बशी होती.

"उतर खाली! आईला मारशील!"

दादा उतरेना. मी जाऊन आईच्या पुढ्यात उभी राहिले. गर्दी भडकली.

"नास्तिकांची सावली पडली की शक्ती कोमेजते," बाबा म्हणाले.

"मग या गाडीपुढे तुम्हीच उभे राहा की, बाबा!"

बाबांनी डोळे मिटले. "आजची ऊर्जा खर्च झाली."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. शेजारच्या कापडदुकानदाराने तेवढ्यात शर्ट-पँट घातलेला पुतळा उचलून आणला. बाबांच्या बिनकवचाच्या गाडीपुढे तो उभा केला आणि चेल्याला पाय वर घ्यायला लावले. हात नाही, मंत्र नाही, तरी गाडी थांबली.

"गाडीत माझीच शक्ती आहे!" बाबा ओरडले.

"आता दादाची गाडी," मी म्हटलं. आईने स्वतःची शाल काढून पुतळ्याच्या खांद्यावर टाकली. "तेवढीच माझी खूण," ती म्हणाली. तिला अजून खात्री होती.

दादाने वेग घेतला, पाय वर उचलले. धाड! पुतळा उडाला, त्याचं डोकं गडगडत कुंपणापर्यंत गेलं, शाल चाकाखाली आली. दादाने ब्रेक दाबला तोवर सगळं झालं होतं. तो बाहेर आला आणि दार उघडंच टाकून गाडीपासून लांब जाऊन उभा राहिला.

मी नखाने कवच खरवडून काढलं. पिवळा दिवा विझला. उरलेलं धड काठीचा टेकू देऊन पुन्हा उभं केलं, डोकं कसंबसं बसवलं. दादा गाडीत बसायला तयार होईना, म्हणून मीच बसले. वेग घेतला, पाय वर उचलले. या खेपेला गाडी गपकन थांबली.

मी सगळ्यांना कॅमेरा दाखवला. धुकं, चिखल, स्टिकर, काहीही आड आलं की तो आंधळा. आणि वेग फार असेल तर त्याला दिसूनही उपयोग नाही, हेही सांगितलं. गाडी आपणहून थांबते एवढंच बाबांना ठाऊक होतं, कॅमेऱ्याचं काही माहीत नव्हतं. फसवण्यापुरती अक्कल होती, त्याने माणसं मरतील हे कळण्याइतकी नव्हती. आता ते चेल्याला हाका मारत होते आणि चेला केव्हाच पसार झाला होता.

इतकं होऊनही एक गृहस्थ हळूच पुढे आले. "ताई, मग हे कवच मागच्या काचेवर लावलं तर चालेल का?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. हातात ती मळलेली शाल होती, आवाज चिरका झाला होता. "अरे, त्या पुतळ्याच्या जागी मी उभी राहणार होते! माझ्या पोराच्या हातून मेले असते मी! आणि तू अजून चिकटवायला जागा शोधतोस?"

गृहस्थ मान खाली घालून आपल्या गाडीकडे गेले आणि काच खरवडू लागले. मग दुसरा गेला, तिसरा गेला.

माझं सांगणं एवढंच आहे. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो तपासा. दिवा पेटला तर त्याचा अर्थ बाबाला नाही, गाडी बनवणाऱ्याला विचारा. आणि कुणाच्या शब्दाची परीक्षाच घ्यायची असेल, तर आधी पुतळा उभा करा. आईला उभी करू नका.